वैताग निर्देशांक

आधीच्या गाडीने हेमांगी खैरनारला कधी रस्त्यात दगा दिला नाही. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं, ती विकायला काहीतरी सबळ कारण मिळालं असतं. इंजिन ठणठणीत, ब्रेक उत्तम, रंग शाबूत. पण गाडीत बसलं की पहिल्या मिनिटापासून हेमांगीचं डोकं तापायला लागायचं.

तिची उंची पाच फुटांना थोडी कमी. सीट पुढे ओढली तर पाय पेडलपर्यंत पोचायचे, पण स्टिअरिंग छातीला टेकायचं. मागे सरकवली तर ब्रेक दाबायला खाली घसरावं लागायचं. सीटबेल्ट खांद्यावरून न जाता बरोबर गळ्यावरून जायचा आणि उन्हाळ्यात तिथे लाल वळ उठायचा. बॉनेटचा खटका आणि पेट्रोलच्या झाकणाचा खटका शेजारीशेजारी, दोन्ही काळे, दोन्ही सारखे. पंपावर ती हमखास बॉनेट उघडायची. मग पंपावरचा माणूस बॉनेट खाली आपटून बंद करताना तिच्याकडे ज्या नजरेने बघायचा, ती नजर तिला घरापर्यंत पुरायची. पंखा कमी करायचा तर पडद्यावर तीन पानं उलटावी लागायची. शेजारच्या सीटवर मेथीची जुडी आणि दोन कोबी ठेवले की गाडी त्यांना माणूस समजून बेल्ट लावा, बेल्ट लावा म्हणून कोकलत राहायची.

आणि या सगळ्यावर, शेजारी नवरा, उल्हास.

उल्हास खैरनार सहा फूट उंच होता आणि सातपूरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात होता. म्हणजे दिवसभर चांगल्या दिसणाऱ्या वस्तूत काय चुकलंय हे शोधणं, याचाच त्याला पगार मिळायचा. हेमांगीचा दातांचा दवाखाना त्याच रस्त्याला थोडा पुढे. मुलगी शाल्मली शिकायला दिल्लीला गेल्यापासून घरात दोघंच. सकाळी इंदिरानगरहून निघायचं, उल्हासला कारखान्याशी सोडायचं आणि हेमांगीने पुढे जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. संध्याकाळी तो कंपनीच्या बसने परतायचा. गाडी ती चालवायची आणि तपासणी तो करायचा.

"हे बघ हेमा, दुसऱ्या गिअरमध्ये किती वेळ राहणार?"

"हे बघ हेमा, तो टेम्पो थांबणार आहे. मागून ओळखू येतं."

रविवारी गाडी उल्हासकडे असायची. त्यामुळे सोमवारी सकाळी सीट पार मागे, आरसे आभाळाकडे आणि पाठ टेकायचा भाग असा कललेला की हेमांगीला वाटायचं, आपण आपल्याच दवाखान्यातल्या रुग्णाच्या खुर्चीत बसलोय.

एका सोमवारी मुंबई नाक्यावर डावीकडे वळताना तिने इंडिकेटर द्यायला दांडी ओढली आणि कोरड्या काचेवर वायपर करकरायला लागले. ते बंद करताना हॉर्न वाजला. पुढचा रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. उल्हास म्हणाला, "हे बघ हेमा…"

तिने गाडी कडेला घेतली, बेल्ट सोडला, गळा चोळला आणि शांतपणे म्हणाली, "एक तर ही गाडी जाईल, नाहीतर तू."

उल्हासने थोडा विचार केला आणि गाडी जावी असं सुचवलं.

*

नव्या गाडीचं नाव होतं 'सुगम'. आरूढ मोटर्स नावाच्या कंपनीने ती नुकतीच आणली होती आणि तिच्याबद्दल बरंच बोललं जात होतं. शोरूममध्ये कादंबरी वाघचौरे नावाच्या इंजिनीअर मुलीने त्यांना ती दाखवली. दार उघडल्यावर दोघंही गोंधळले. समोर बटण नाही, खटका नाही, दांडी नाही. एक करड्या रंगाचा गुळगुळीत, किंचित मऊ फळा, इडलीच्या पिठासारखा.

"मॅडम, पंखा कमी करायचाय असं समजा. हात कुठे जातो ते मुद्दाम ठरवू नका. जाईल तिथे जाऊ द्या."

हेमांगीचा हात सवयीने डावीकडे गेला. बोटं टेकायच्या आत तिथला फळा फुगला आणि तिच्या चिमटीत एक गोल बटण आलं. तिने ते फिरवलं. पंखा कमी झाला. हात काढला तसं बटण विरघळून गेलं.

"हा एक प्रकारचा प्लास्टिकचा स्नायू आहे," कादंबरी म्हणाली. "आपल्या स्नायूला मेंदूकडून विजेचा इशारा मिळतो आणि तो आखडतो, तसंच. या फळ्याखाली अशा स्नायूंचे हजारो बारीक धागे आहेत. वीज दिली की फुगतात, काढली की बसतात. सीटमध्ये तेच, बेल्टच्या हुकात तेच, पेडलमध्येही तेच. तुम्ही बसलात की पेडल तुमच्याकडे येतील. साहेब बसले की मागे जातील."

"आणि मला काय हवंय हे तिला कळतं कसं?" हेमांगीने विचारलं.

कादंबरीला हाच प्रश्न हवा होता. "माणूस वैतागला की ते आधी शरीराला कळतं, मग त्याला. तळहाताला अगदी बारीक घाम सुटतो, त्यामुळे कातडीतून वीज जास्त सहज वाहते. स्टिअरिंगवरची पकड घट्ट होते. नाडी वाढते, श्वास उथळ होतो. स्टिअरिंग आणि दोन्ही सीट हे सतत मोजत असतात आणि त्यातून एक आकडा काढतात. आम्ही त्याला वैताग निर्देशांक म्हणतो. गाडीला आम्ही एकच काम दिलंय. हा आकडा खाली आणायचा. कसा आणायचा, ते तिने करून बघून शिकायचं. एक गोष्ट बदलायची, आकडा उतरला तर ती ठेवायची, चढला तर दुसरी करून बघायची."

"म्हणजे नेमकं काय बदलायचं, ते तुम्ही सांगितलेलं नाही?" उल्हासने विचारलं. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याला त्यात काहीतरी चुकल्याचा वास आला होता.

"त्याची गरजच नाही सर. आवाजाची सोयही यात आहे. हेडरेस्टमधले स्पीकर बाहेरच्या गोंगाटाच्या बरोबर उलट लाट तयार करतात. एक लाट वर, दुसरी खाली. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि कानाला शांतता ऐकू येते. ज्याच्या त्याच्या हेडरेस्टमधून ज्याला त्याला वेगळी. चालू ठेवायची ना?"

पडद्यावर 'सहमत' असं आलं. दोघांनीही दाबलं.

*

पहिल्या आठवड्यात बेल्टने हेमांगीचा गळा सोडला आणि खांदा धरला. पुढच्या आठवड्यात गाडीने कोबी आणि माणूस यातला फरक ओळखला. इंडिकेटर तिच्या बोटाखाली उगवायचा, वायपर तेव्हा कुठे लपलेला असायचा ते तिला कळतही नसे. सोमवारी सकाळी ती बसली की सीट स्वतःहून तिच्याजवळ यायची, एखाद्या समजूतदार मांजरासारखी.

महिनाभरात तिच्या लक्षात आलं की उल्हासही बदललाय.

तो बोलेनासा झाला होता. अगदीच मुका नाही. "आज डबा काय आहे?" विचारायचा, "शाल्मलीचा फोन येऊन गेला" सांगायचा. पण टेम्पो, गिअर, वळणं यांबद्दल चकार शब्द नाही. सिग्नलला थांबल्यावर कधी तिचं लक्ष गेलं तर त्याचे ओठ पुटपुटल्यासारखे हलताना दिसायचे. आयुष्यात कधी देवाला हात न जोडणारा हा माणूस रामरक्षा म्हणायला लागला की काय, असं तिला वाटलं. पण विचारलं नाही. माणसाच्या श्रद्धेत आपण कशाला पडा, असं तिचं मत होतं. शिवाय विचारलं आणि तो पुन्हा बोलायला लागला तर?

उल्हासलाही हेमांगी बदललेली वाटत होती. इतकी वर्षं तो काही सांगायला गेला की ती "मला चालवू दे" म्हणून तोडायची. आता ती ऐकायची. "हं," म्हणायची. "खरं आहे तुझं." त्याने टेम्पोबद्दल इशारा दिला तर "बरं झालं सांगितलंस." त्याने कारखान्यात एकदोघांना सांगितलंही की संसारात थोडा धीर धरावा लागतो, बायका पन्नाशीच्या आसपास निवळतात.

निवळलेल्या बायकोशी तो मग अधिकच बोलायला लागला. घरी टीव्ही असायचा, फोन असायचे, कुकर असायचा. सकाळी गाडीत मात्र कोणी मध्ये यायचं नाही. समोर रस्ता असला आणि कोणी थेट डोळ्यांत बघत नसलं की काही गोष्टी सांगायला सोप्या जातात. तशा बऱ्याच गोष्टी त्याने सांगितल्या.

त्याच सुमाराला हेमांगी मैत्रिणीला म्हणाली, "आमचं अलीकडे फार छान चाललंय. काही बोलावंच लागत नाही."

*

एका गुरुवारी भालेराव हेमांगीच्या खुर्चीत आडवे होते. भालेराव म्हणजे उल्हासच्या कारखान्याचे व्यवस्थापक. उजवीकडची खालची दाढ किडली होती. हेमांगीने भूल दिली होती, दाढेभोवती रबरी पडदा ताणून बसवला होता, आणि लाळ ओढणारी नळी त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात गुरगुरत होती.

"आँहिनंदन," भालेराव म्हणाले.

"दुखतंय का?"

"अं हं. कोंयंतूंर."

"भूल अजून चढायचीय बहुतेक," हेमांगी म्हणाली आणि आणखी थोडी दिली.

भालेरावांनी हाताने लांब, खाली, दक्षिणेकडे असं काहीतरी दाखवलं. तिला वाटलं कळ कानापर्यंत जातेय. काम संपल्यावर चूळ भरून, रुमालाने हनुवटी पुसून ते अर्ध्या ओठाने बोलले.

"अभिनंदन म्हणत होतो, डॉक्टर. कोइमतूरची बदली! दोन वर्षांसाठी नवऱ्याला एवढ्या लांब पाठवायचं म्हणजे सोपं नाही. मी उल्हासला म्हटलं होतं, घरी विचार, सावकाश सांग. तर दुसऱ्याच दिवशी म्हणाला, विचारलं, हो म्हणाली. लगेच! आमच्या हिला मी पुण्याला दोन दिवस जातो म्हटलं तरी तोंड फुगतं."

हेमांगीच्या हातात वापरलेली सुई होती. ती तिने ट्रेमध्ये ठेवली, अगदी सरळ रेषेत.

"परवा निरोप समारंभसुद्धा झाला," भालेराव म्हणाले. "मोठी चाकाची बॅग दिली त्याला. दाखवली नाही?"

*

बॅग पलंगाखाली होती. हेमांगीने ती ओढून दिवाणखान्याच्या मधोमध उभी केली आणि उल्हास दारातून आत आल्या आल्या विचारलं, "हे काय?"

"बॅग. तुला सांगितलं की, समारंभात दिली म्हणून."

"कधी?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीत."

"आणि कोइमतूर?"

"तेही गाडीत." उल्हास बूट काढता काढता थांबला. "हेमा, तू बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. दोन वर्षांसाठी घर सोडून जायचं आणि मला परक्या माणसाच्या दाढेतून कळतं!"

"अगं, मी तुला विचारलं! त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला. जाऊ का म्हटलं. तू म्हणालीस, हो, जा ना, चांगलं आहे. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा म्हणालीस."

"मी असं म्हणणंच शक्य नाही."

"तू म्हणालीस. तू हल्ली सगळ्यालाच हो म्हणतेस. नंदूकाका दिवाळीला आठवडाभर राहायला येतायत, त्यालाही हो म्हणालीस."

"कोण येतंय?"

उल्हासला वाटलं, हिची स्मरणशक्ती चाललीय. हेमांगीला वाटलं, याला भास होतायत. दोघांनाही एकमेकांची मनापासून काळजी वाटली आणि दोघांनीही आवाज खाली आणला. डॉक्टरला दाखवू या, असं दोघंही एकदमच म्हणाले.

"थांब," उल्हास म्हणाला. काहीतरी चुकल्याचा तो वास पुन्हा आला होता त्याला. "गाडीतच का? मी जे काही सांगितलं ते सगळं गाडीतलंच हरवलंय. घरात सांगितलेलं एकही नाही. खाली चल."

इमारतीच्या पार्किंगमध्ये दोघं आपापल्या जागी बसले. गाडी सुरू झाली. सीट मायेने पुढे सरकली.

"बोल काहीतरी," हेमांगी म्हणाली. "आणि मी तुझ्याकडे बघतेय, तू माझ्याकडे बघ."

"काय बोलू?" हे तिला ऐकू आलं.

"जे सकाळी बोलतोस ते."

उल्हासने घसा साफ केला. त्याचे ओठ हलायला लागले. तोंड पूर्ण उघडत होतं, भुवया वर जात होत्या, एक बोट टेम्पो दाखवल्यासारखं समोर गेलं. आवाज नव्हता. काच बंद असलेल्या दुकानातला टीव्ही रस्त्यावरून बघावा तसा नवरा तिच्यासमोर बोलत होता. तिने घाबरून ओठ घट्ट मिटले.

आणि उल्हासला, ओठ मिटलेल्या बायकोकडे बघता बघता, कानाशी तिचा आवाज ऐकू आला. मऊ, समजूतदार. "हं. खरं आहे तुझं."

तो किंचाळला. तिला तेही ऐकू आलं नाही. तिने घाईने दार उघडलं तसा त्याचा आवाज एकदम कानावर कोसळला, "…भूत आहे या गाडीत, हेमा, उतर!"

*

"बिघाड काही नाही," कादंबरी वाघचौरे म्हणाली. तिने गाडीला संगणक जोडला होता आणि तिचा चेहरा पडला होता. "तेच तर कठीण आहे. सगळं नीट चाललंय."

गाडीला सांगितलं होतं तेच तिने केलं होतं. आकडा खाली आणायचा. पेडल, बेल्ट, बटणं सगळं जुळवल्यावरही हेमांगीचा आकडा मधूनमधून उसळत होता. गाडीने त्याआधी काय घडतं ते शोधलं. तिला सापडलं की उल्हासने "हे बघ" म्हटलं की पकड घट्ट होते. मग तिने तेवढ्या बोलण्याची उलट लाट हेमांगीच्या कानाशी सोडून बघितली. आकडा झपकन उतरला. पण मग उल्हासचा चढायला लागला, कारण त्याला उत्तर मिळेना. गाडीने हेमांगीचा आवाज रोजच ऐकलेला होता. तिने त्या आवाजात एक "हं" तयार करून बघितला. उल्हासचा आकडा उतरला. "खरं आहे तुझं"ने आणखी उतरला. पुढे काय, ते ती शिकत गेली.

"आणि खरंच समोर टेम्पो असता तर?" उल्हासने विचारलं.

"गाडीला तो तुमच्या आधी दिसतो सर. तशी वेळ आली असती तर तिने स्वतः ब्रेक मारला असता."

उल्हासला हे सगळ्यात जास्त लागलं.

"मी मात्र सगळ्या गोष्टी 'हे बघ'नेच सुरू करतो," तो म्हणाला. "कोइमतूरसुद्धा."

"पण तिने हो का म्हणावं?" हेमांगी म्हणाली. "मी आजवर याच्या कशालाच पहिल्या फटक्यात हो म्हटलेलं नाही. माझा आवाज शिकली, मग माझा स्वभाव नाही शिकली?"

कादंबरीने पडद्यावरची रेघ दाखवली. "सरांनी विचारलं तेव्हा त्यांचा आकडा खूप वर होता. हो म्हटल्यावर एकदम खाली आला. बघा, इतका खाली कधीच नव्हता. गाडीच्या हिशेबी ते उत्तर उत्तम ठरलं."

उल्हासने त्या रेघेच्या तळाशी बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला बरं वाटलं नव्हतं तेव्हा."

"पण सर, श्वास खोल, नाडी संथ…"

"मला वाईट वाटलं होतं. मला वाटलं होतं ती नको म्हणेल. मी सगळी तयारी करून बसलो होतो, ती चिडणार, मग मी भालेरावांना सांगणार की घरून परवानगी नाही. आणि ती सहज म्हणाली, जा ना. म्हटलं, हिला मी असलो काय, नसलो काय. मग गेलेलंच बरं."

कादंबरीने हळूच संगणकाचं झाकण मिटलं. "वैताग मोजता येतो," ती म्हणाली. "पण माणूस खट्टू झाला की शरीर गप्प बसतं. ते आमच्या यंत्राला समाधानासारखंच दिसतं. हे वरिष्ठांना कळवायला हवं."

हेमांगी नवऱ्याकडे बघत होती. काहीतरी बोलायला हवं होतं, आणि जे बोलावंसं वाटत होतं ते सगळं आधीच त्या हेडरेस्टने तिच्या आवाजात वापरून टाकलं होतं.

"ही आवाजाची सोय तेवढी बंद करा," ती कादंबरीला म्हणाली.

"तेवढी नाही होत मॅडम. सगळं त्या एका आकड्यावरच चालतं. काढलं तर सगळंच काढावं लागेल. सीट, पेडल, बटणं, कंपनीने सरासरी माणसासाठी ठरवलेल्या जागी कायमची थांबतील."

"सरासरी माणूस किती उंच आहे?"

"पाच फूट सात इंच."

हेमांगीने गळ्यावरून हात फिरवला. "अगदी थोडंसं ठेवता नाही येणार? म्हणजे फक्त टेम्पोबद्दलचं?"

उल्हासने तिच्याकडे बघितलं.

"काढा," ती म्हणाली. "सगळं काढा."

*

भद्रकालीतल्या एका गादीवाल्याकडून तिने जाड उशी शिवून घेतली आणि बेल्टला रुमाल गुंडाळला. उल्हासने सरासरी माणसासाठी ठरवलेल्या जागेत गुडघे दुमडले. आता कोइमतूरचं काय, हा प्रश्न उरला. जायचं नाही, हे दोघांनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, भरपूर भांडून ठरवलं होतं. पण निरोप समारंभ झाला होता, भाषणं झाली होती, बॅग मिळाली होती. भालेरावांना सांगणार कसं?

"मी तोंड उघडलं की ते मधेच सुरू होतात," उल्हास म्हणाला. "कंपनीची गरज, तुझं भवितव्य, कोइमतूरची हवा. मला पुरं वाक्य बोलू देत नाहीत."

हेमांगीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "गुरुवारी त्यांचं रूट कॅनलचं पुढचं काम आहे," ती म्हणाली. मग लगेच, "नको. रुग्णाचा असा फायदा घेणं बरं नाही."

"मी फायदा घेत नाही. मी फक्त त्यांना भेटायला येतो."

गुरुवारी भालेराव पुन्हा आडवे होते, भूल चढलेली, रबरी पडदा ताणलेला, नळी गुरगुरतेय. उल्हास आत आला. डोक्यात जाळीची टोपी, तोंडावर मास्क, आणि उंची सहा फूट. भालेरावांचे डोळे मोठे झाले.

"साहेब, उठू नका," उल्हास म्हणाला. "साहेब, मी कोइमतूरला जात नाही."

"आँ?"

"माझी चूक झाली. मी नीट न ऐकता हो म्हणालो."

"अँ आँ, कंपनीं…"

"तोंड उघडं ठेवा," हेमांगी म्हणाली. ते तर खरंच आवश्यक होतं.

मग उल्हास बोलला. आधी अडखळत, नंतर सरळ. तपासणीला त्याच्या जागी कॅमेरे बसवलेत, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. एका व्हॉल्व्हला तो जेवढा वेळ घ्यायचा तेवढ्यात कॅमेरा पूर्ण पेटी तपासतो. पहिल्या महिन्यात त्याने मुद्दाम कॅमेऱ्याने पास केलेले व्हॉल्व्ह बाजूला काढून पुन्हा तपासले होते. जेवणाची सुट्टी त्यात घालवली होती. एकही चूक सापडली नाही. चूक सापडली नाही म्हणून रडू आलेला मी पहिलाच माणूस असेन, तो म्हणाला. कोइमतूरला जायचं ते तिथल्या कारखान्यात अजून कॅमेरे आले नाहीत म्हणून. दोन वर्षांत तिथेही येतील. मग आणखी कुठे? त्याला सकाळी उठल्यावर भीती वाटते. कारखान्याच्या फाटकाशी गाडीतून उतरताना पाय जड होतात, आणि आपण रोज काहीतरी बोलत बोलत उतरतो ते त्यासाठीच.

हेमांगीचा हात थांबला होता. हे सगळं तिच्या शेजारी बसून, तिच्यापासून हातभर अंतरावर, तिला सांगितलं गेलं होतं. त्या वेळी ती काय करत होती? बहुतेक रस्ता किती मोकळा आहे म्हणून खूश होती. किंवा दुपारच्या रुग्णाच्या कवळीचा विचार करत होती.

"आँक्टर," भालेराव खालून म्हणाले. लाळ गळ्यापर्यंत आली होती. तिने घाईने नळी सारखी केली आणि काम पुरं केलं.

भालेरावांनी चूळ भरली. दोनदा भरली. त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता आणि अर्ध्या चेहऱ्यावर काय आहे ते नीट कळत नव्हतं.

"हे मला ऑफिसात का नाही सांगितलंस?" ते म्हणाले.

उल्हासने लाळ ओढणाऱ्या नळीकडे बघितलं. हेमांगीनेही. भालेरावांनी स्वतःच थोडा विचार केला आणि त्यांना बहुधा उत्तर सापडलं, कारण तो प्रश्न त्यांनी तिथेच सोडला. मग म्हणाले, "तुझी जुनी जागा आता नाही, उल्हास. खोटं कशाला सांगू? ग्राहकांच्या तक्रारी घ्यायला माणूस हवाय. दिवसभर फोन. लोक ओरडतात, तू ऐकायचं. पगार थोडा कमी. घेतोस?"

"घेतो," उल्हास म्हणाला.

"घरी विचारायचं नाही?"

"ती इथेच आहे."

भालेरावांनी हेमांगीकडे बघितलं. ती म्हणाली, "पगार कमी कशाला? ओरडा खाण्याचे उलट जास्त द्यायला हवेत."

"बघतो," भालेराव म्हणाले, आणि बधिर गाल हाताने सांभाळत निघाले. दारातून वळून म्हणाले, "बॅग राहू दे तुझ्याकडे."

दार लागलं. नळी बंद झाल्यामुळे खोली फार शांत वाटत होती. उल्हासने मास्क काढला, टोपी काढली, आणि आता काय करावं ते न कळून रुग्णाच्या खुर्चीच्या कडेवर टेकला.

"गाडीत आणखी काय काय सांगितलं होतंस?" हेमांगीने विचारलं.

"बरंच होतं. सगळं आता आठवणार नाही."

"आठवेल तसं सांग."

बाहेर पुढचा रुग्ण गाल धरून बसला होता. तिने दार किंचित उघडून त्याला थोडा वेळ लागेल असं सांगितलं, हातमोजे काढून टाकले, स्टूल ओढलं आणि नवऱ्यासमोर बसली.

उल्हास आठवायला लागला. छताकडे बघितलं, हातातली टोपी चुरगाळली, मग तिच्याकडे बघून घसा साफ केला.

"पहिली गोष्ट म्हणजे," तो म्हणाला, "तू वळायच्या आधी इंडिकेटर फार उशिरा देतेस."